सातचा सहा आणि नऊचा पाच

परिच्छेदांना हाताने आकडे घालणाऱ्या माणसाच्या हाती कुठलाही कारभार देऊ नये, असं हर्षलाचं स्पष्ट मत होतं. हे मत तिला कोणी विचारलेलं नव्हतं, पण भौतिकशास्त्रात एम.एस्सी. झालेल्या माणसाची मतं कोणी विचारेपर्यंत थांबत नाहीत. खोपोलीतल्या एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत ती नोकरीला होती. तिथल्या दोन-दोनशे पानांच्या चाचणी-पुस्तिका तिने पुस्तकं मांडायच्या सॉफ्टवेअरमध्ये अशा बसवल्या होत्या, की मध्येच एखादं प्रकरण घुसवलं तरी पुढचे सगळे आकडे आपले आपण सरकत. पंगतीत उशिरा आलेल्या पाहुण्याला माणसं बूड न उचलता सरकून जागा देतात ना, अगदी तसे. हे दृश्य कितीदाही बघितलं तरी हर्षलाचं मन भरत नसे.

तर अशी ही हर्षला कर्जतला दहिवलीच्या अंगाला असलेल्या शीतलसरिता सोसायटीत राहत होती. या सोसायटीत नावातली सरिता सोडली तर पाणी बेताचंच होतं. ए आणि बी विंगला ते यायचं, सी विंगला मनात आलं तर यायचं, आणि डी विंगच्या वरच्या मजल्यांना ते येऊन गेल्याचं नुसतं ऐकू यायचं. नळातून आधी एक उसासा निघे, मग खाकरा, आणि मग काही नाही. हर्षला डी विंगच्या तिसऱ्या मजल्यावर होती. तिच्या डोक्यावर, चौथ्या मजल्यावर, तेजश्रीवहिनी राहत. त्या रोज सकाळी खालून सात बादल्या वर नेत आणि प्रत्येक बादलीला कमिटीतल्या एकेका सभासदाचं नाव घेत.

आता मात्र पाण्याची दुसरी जोडणी मिळायची वेळ आली होती. कर्जतच्या पाणीपुरवठा कार्यालयाची अट साधी होती. पंप, टाक्या आणि व्हॉल्व कसे चालवायचे याची अद्ययावत पुस्तिका पंधरा मार्चच्या आत दाखल करायची. मग तिथले साहेब येणार, पुस्तिकेतलं वाटेल ते कलम काढणार, आकडा सांगणार, आणि पंपचालकाने ते तिथल्या तिथे करून दाखवायचं. जमलं तर जोडणी. नाही जमलं तर पुढच्या वर्षी बघू.

जुनी पुस्तिका होती चौऱ्याऐंशी पानांची. ए विंगमधल्या एका निवृत्त इंजिनिअरांनी ती टाइप केली होती. सगळे त्यांना नुसतं 'साहेब' म्हणत. ते आता नाशिकला लेकीकडे राहायला गेले होते आणि ऐकायला कमी येत असल्यामुळे फोनवर फक्त आशीर्वाद देत. नव्या टाकीची माहिती घालून ही पुस्तिका नवी करायची होती. सभेत ती हातोहात फिरत हर्षलाकडे आली. तिने चार पानं उलटली आणि तिचा चेहरा पडला.

"सातच्या तीननंतर एकदम सातचा पाच आहे," ती म्हणाली. "सातचा चार कुठे गेला?"

चेअरमन विकासकाकांनी खुर्चीखाली बघितलं.

"आणि पाचचा दोन दोनदा आहे."

"दोनदा असेल तर बरंच की," विकासकाका म्हणाले. "एक हरवला तर दुसरा आहे."

सेक्रेटरी नाजनीनभाभी शाळेत गणित शिकवत. चूक दाखवणाऱ्या विद्यार्थ्याला फळ्यापाशी बोलवायचं, ही त्यांची जुनी पद्धत. त्यांनी वहीत पेन टेकवून विचारलं, "हर्षला, तुला किती दिवस लागतील?"

"चार."

चार हा आकडा तिने कुठून काढला हे तिलाही सांगता आलं नसतं. पण तो वहीत गेला, आणि नाजनीनभाभींच्या वहीत गेलेलं परत येत नाही.

इथे सोसायटीतली एक चाल सांगायला हवी. शीतलसरितेत पाण्याची भाषाच आकड्यांची होती. पंपचालक हिरूमामा कोंडाण्याकडचे. नऊ वर्षांपूर्वी साहेबांनी त्यांना पुस्तिका कलमवार पाठ करून घेतली होती, आणि तेव्हापासून व्हॉल्वना, पंपांना, कामांना तेच आकडे नावासारखे चिकटले होते. "हिरूमामा, सातचा दोन केलात का?" असं ए विंगच्या गॅलरीतून कोणी विचारी, आणि खालून "कवाच क्येला, टाकीत बघ जरा," असं उत्तर येई. दोन पाचचे दोन होते त्यांना थोरला आणि धाकटा म्हणत. सी विंगमधल्या एका बाळाला पहिल्या शब्दांबरोबर 'सातचा पाच' म्हणता येत होतं, कारण आंघोळ त्याच्यावर अवलंबून असे. लोकांना क्रमांकनाची इतकी गोडी आहे हे बघून हर्षलाला भरून येई. त्यांना चांगले, नीट, ओळीने असलेले आकडे मिळाले तर ते किती सुखी होतील, एवढाच विचार तिच्या मनात आला.

पहिल्या दिवशी तिने सगळा मजकूर आत घेतला. दुसऱ्या दिवशी आराखडा लावला: प्रकरण, त्याखाली कलम, त्याखाली पायरी. प्रत्येक थराला आपली स्टाइल, आणि त्या स्टाइलला आपला आकडा. सातच्या चारचं भोक बुजलं. दुसरा पाचचा दोन मुकाट्याने पाचचा तीन झाला. मजकुरात दोनशे तेरा ठिकाणी 'कलम अमुक पाहा' असं हाताने लिहिलेलं होतं. ते प्रत्येक तिने त्या त्या कलमाला जोडलं, म्हणजे कलम सरकलं की उल्लेखही सरकणार. तिने हे काम सोसायटीच्या ऑफिसात बसून केलं, ही तिची पहिली चूक, कारण ऑफिसाला दार होतं.

"बघा हं," ती आत येईल त्याला म्हणे, आणि मध्येच एक प्रकरण टाकून दाखवी. खालचे आकडे झरझर बदलत. लोक बघायला येऊ लागले. काही जण तर पाहुण्यांना घेऊन आले. आणि एकदा आत जागा होते म्हटल्यावर सल्ल्यांना तोटा नव्हता. कोणी म्हणालं, पार्किंगचे नियमही यातच घाला. कोणी म्हणालं, गणपती विसर्जनाच्या हौदाला एक प्रकरण हवंच. हर्षलाने सगळं घातलं. आकडे हलतात हे दाखवायची इतकी चांगली संधी ती कशी सोडेल? सुदैवाने ही दोन्ही प्रकरणं शेवटी गेली.

विकासकाका घरून आपल्या लॅपटॉपवर फाइल तपासत. त्यांना एक वाक्य ठळक करायचं होतं, आणि कलमाच्या मथळ्याची स्टाइल दिली की अक्षर झकास ठळक होतं, असा शोध त्यांना लागला. परिणामी दुसऱ्या दिवशी अनुक्रमणिकेत एक नवं कलम दिसलं: '६.३ हे बरोबर आहे का ते एकदा हिरूला विचारावे.' हर्षला हसली आणि तिने ते उडवलं. काकांना ओळीत मोकळी जागा लागे म्हणून ते दोनदा एंटर दाबत. त्यामुळे '११.२' नावाचं एक कलम तयार झालं होतं, ज्यात काहीच नव्हतं. आणि पायऱ्यांचे आकडे प्रत्येक कलमात एकपासून सुरू व्हायच्या ऐवजी सलग धावत सुटले होते. शेवटच्या पानावर 'पायरी ३४१ : पंपघराचे दार लावून घ्यावे' असं होतं, आणि ते वाचताना दम लागत होता. हर्षलाने तेही निस्तरलं. तिचा आत्मविश्वास उतरला नव्हता. कुठल्याही शास्त्राला सुरुवातीला विरोध होतोच.

खरा पेच मनोगताचा. विकासकाकांनी दीड पानाचं 'अध्यक्षांचे मनोगत' लिहून आणलं. हर्षलाने ते सुरुवातीला, आकडा न देता लावलं.

"याला नंबर नाही?" काकांनी विचारलं.

"मनोगताला नसतो काका."

"सगळ्यांना आहे. ड्रेनेजला आहे. गटाराच्या झाकणाला चौदाचा तीन आहे. आणि चेअरमनला नाही?" काकांचा आवाज कापरा झाला. "मग मी कोण गं, परिशिष्ट?"

मनोगत प्रकरण एक झालं. बाकीची सगळी प्रकरणं एकेक घर पुढे सरकली, आणि दोनशे तेरा उल्लेखही त्यांच्याबरोबर, न चुकता. हर्षलाने मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली.

चार दिवसांचे नऊ झाले होते. दहाव्या दिवशी अर्धी रजा टाकून ती कर्जतच्या कार्यालयात मसुदा दाखवायला गेली. टेबलावरच्या बाईंनी जुनी फाइल काढली आणि दोन्हीकडे बोट ठेवलं.

"फाइलमध्ये डी विंग सातचा सहा आहे," त्या म्हणाल्या. "तुमच्यात आठचा पाच. बिल्डिंग हलवलीत का?"

"नाही मॅडम, क्रमांक बदलले. आता ते आपोआप पडतात."

"फाइलमध्ये आपोआप काही पडत नाही," बाई म्हणाल्या. यात तथ्य होतं. "जुना नंबर, नवा नंबर, असा तक्ता करा. पुस्तिकेच्या सुरुवातीलाच लावा. आणि त्याला नंबर द्या. बिननंबरी पान मी घेत नाही."

हर्षलाने तिथल्याच बाकावर बसून दोन पानी तक्ता केला आणि मनोगतामागे प्रकरण दोन म्हणून लावला. लावताक्षणी पुढची सगळी प्रकरणं आणखी एक घर सरकली आणि नव्या आकड्यांचा तो तक्ता जन्मतःच जुना झाला. हर्षलाच्या जागी दुसरं कोणी असतं तर रडलं असतं. तिने तक्त्यातला प्रत्येक नवा आकडा त्या त्या कलमाला जोडून टाकला. आता काही का होईना, तक्ताही आपोआप बदलणार होता. डी विंग झाली नऊचा पाच. बाईंनी मसुद्यावर 'पाहिले' असं लिहिलं, आणि तपासणीचे साहेब बुधवारी येतील असं सांगितलं.

छपाईसाठी ती शुक्रवारी कामावरून सुटल्यावर खोपोलीतच शिळफाट्याला इद्रिसभाईंच्या दुकानात फाइल ठेवून आली. शनिवारी पाच प्रती कापडी बांधणी होऊन, सोनेरी अक्षरांत तयार होत्या. तिने एक उघडली. 'पंप सुरू करण्यापूर्वी त्रुटी! संदर्भ सापडला नाही पाहावे.' पुढच्या पानावर तेच. त्याच्या पुढच्या पानावर दोनदा.

"इद्रिसभाई, हे काय?"

"माझं सॉफ्टवेअर जरा जुनं आहे ना मॅडम. उघडलं तेव्हाच तसं आलं," इद्रिसभाई म्हणाले. "मला वाटलं, मशिनचं पुस्तक आहे, इशारे असणारच. म्हणून मी सगळे लाल केले. तक्त्यातले सोडून दोनशे तेरा आहेत, मोजून. उठून दिसतात की नाही?"

दिसत होते. इद्रिसभाईंनी पुन्हा छापून द्यायचं कबूल केलं आणि चहा मागवला. हर्षलाने या वेळी पक्की, न बदलणारी प्रत करून दिली, आणि तीच प्रत रविवारी सकाळी सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकली. खाली लिहिलं, 'आजपासून हीच पुस्तिका वापरावी.' अंगठ्यांचा वर्षाव झाला. एकोणचाळीस अंगठे तिने मोजले. हिरूमामा ग्रुपवर नव्हते. त्यांचा फोन बटणांचा होता.

पुस्तिका वाचणारी माणसं जगात थोडी, पण तेजश्रीवहिनींनी वाचली. नऊ वर्षं जिच्यापायी बादल्या वाहिल्या ती डी विंग कुठे आहे, हे त्यांनी आधी काढलं. दुपारी बाराला त्यांची नणंद जेवायला यायची होती. साडेदहाला त्यांनी पंपघरात फोन लावला.

"हिरूमामा, आज नऊचा पाच करा."

"नऊचा पाच? आत्ता?"

"आत्ताच. पाहुणे यायचेत."

"नक्की ना वयनी?"

"मामा, पुस्तकात छापलंय. चेअरमनची सही आहे."

आता हिरूमामांच्या लेखी नऊचा पाच म्हणजे साहेबांचा नऊचा पाच. प्रकरण नऊ, टाक्यांची स्वच्छता. कलम पाच, मुख्य टाकी पूर्ण रिकामी करणे. पाहुणे येणार म्हणून टाकी धुवायची ही कल्पना मामांना जराशी जास्तच वाटली. पण डी विंगची माणसं पाण्याच्या बाबतीत हळवी आहेत, हे त्यांना माहीत होतं. त्यांनी तळाचा व्हॉल्व पूर्ण उघडला. पुस्तिकेत म्हटल्याप्रमाणे झाडू घेऊन ते बाजूला उभे राहिले. चाळीस हजार लिटर पाणी गटारात गेलं आणि तिथून नदीला मिळालं.

अकरा वाजता विकासकाका साबणात होते. टॉवेलवर ते गॅलरीत आले. समोर मामा खराट्याने कोरडी टाकी झाडत होते.

"हिरू, हे काय चाललंय?"

"नऊचा पाच, सायेब. तुमची सही हाय म्हनं."

त्यानंतर ग्रुपवर जे आलं ते इथे देण्यात अर्थ नाही. त्यात अंगठे नव्हते. तेजश्रीवहिनींच्या नणंदेने उभ्याउभ्या ताक घेतलं आणि सगळं गावभर सांगायला ती परत गेली. काहींनी हर्षलाच्या आईला जिन्यात गाठून मुलीला सुट्टीची गरज आहे असं सुचवलं. हर्षलाचा अपमान झाला, पण त्यापेक्षा तिला एक गोष्ट बोचत होती. पुस्तिकेत एकही चूक नव्हती. तिने दोनदा तपासली. प्रत्येक आकडा जिथे हवा तिथेच होता. मग टाकी रिकामी कशी झाली?

निष्कर्ष पटत नसेल तर प्रयोग पुन्हा बघायचा, असं तिला शिकवलेलं होतं. ती वही घेऊन पंपघरात गेली. हिरूमामा पालथ्या बादलीवर बसले होते. त्यांनी तिच्याकडे बघितलं नाही.

"मामा, चुकलं."

"तुज्याकडनं नाय चुकलं गं. मीच येडा," मामा म्हणाले. "नऊ वर्सं जी नावं पाठ केली ती बदलली, ह्ये मला कोन सांगनार? मी काय गुरपमदी हाय?"

"मामा, आकडा म्हणजे नाव नसतं. ती फक्त जागा असते. रांगेत कितवा, एवढंच. रांग हलली की..."

"मंग तुजं नाव हर्षला कशाला ठेवलं? तिसरी म्हनायचं. पुढची मेली की दुसरी."

वहीचं पान उलटत हर्षलाने विचारलं, "साहेबांनी पाचचा दोन दोनदा का ठेवला होता? चुकून ना?"

"चुकून कसा? ये दावतो." मामांनी तिला बाहेर नेऊन खड्ड्यातले दोन व्हॉल्व दाखवले, एक मोठा, एक लहान. "ह्यो थोरला, ह्यो धाकटा. येक उघडला नि दुसरा नाय, तर पाइप फुटतो. सायेब म्हनले, हिरू, दोगांना येकच आकडा देतो. येक केला की दुसरा आठवंल."

"आणि सातचा चार?"

"त्यो होता ना. त्याच्यानं बोअरचं गढूळ पानी टाकीत उलटं यायचं. सायबांनी त्यो कापून काढला. मंग खालचे आकडे सरकवू का, आसं मीच इचारलं. सायेब म्हनले, नाय. आकडा मेला तर त्याची जागा रिकामी राहू दे. दुसऱ्याला तिथं बसवला तर तुजा हात जुन्या सवयीनं चुकंल."

हर्षला खड्ड्याच्या काठावर बसली. ज्या चुका तिने पहिल्या दिवशी मोठ्या प्रेमाने दुरुस्त केल्या होत्या, त्या चुका नव्हत्या. त्या सूचना होत्या. आणि साहेबांना आपोआप आकडे घालता येत नव्हते असं नाही. त्यांनी ते मुद्दाम घातले नव्हते.

बुधवारला तीन दिवस होते. तीन दिवसांत हिरूमामांना नवी नावं पाठ करायला लावायची, की पुस्तिकेला जुनी परत द्यायची? पहिल्या उपायात पुस्तिका देखणी राहणार होती. दुसऱ्यात चौथ्या मजल्यावर पाणी जाण्याची शक्यता होती. हर्षलाने फार वेळ घेतला नाही, हे तिच्या बाजूने नमूद करायला हवं. तिने घरी जाऊन फाइल उघडली, आपोआप क्रमांकन बंद केलं, आणि सगळे आकडे हाताने टाइप केले. नवी टाकी शेवटी घेतली, म्हणजे कोणी सरकायला नको. थोरल्याला पाचचा दोन, धाकट्याला पाचचा दोन. सातचा तीन. मग 'सातचा चार' असं लिहून पुढे टाइप केलं: 'हा क्रमांक रिकामा ठेवला आहे.'

विकासकाकांची समजूत घालायची होती. "काका, तुम्हाला शून्य देते," ती म्हणाली. "शून्याच्या आधी कोणीच नसतं. शिवाय फोटो."

काकांनी विचार केला. "रंगीत?"

"रंगीत."

सोमवारी ती इद्रिसभाईंकडे गेली. त्यांनी पानं चाळली आणि चष्मा वर केला. "मॅडम, पाचचा दोन दोनदा आलाय. आणि सातच्या चारात काहीच नाही. दुरुस्त करू?"

"इद्रिसभाई, हात लावायचा नाही."

मंगळवारी कार्यालयातल्या बाईंनी फाइल आणि पुस्तिका शेजारी ठेवली. "जुळतंय की," त्या म्हणाल्या. "पहिल्यांदाच असं आणायला काय झालं होतं?" आणि शिक्का मारला.

बुधवारी कार्यालयाचे साहेब आले. रूपेश त्यांचं नाव. वयाने हर्षलापेक्षा दोनेक वर्षांनीच मोठे असतील, इस्त्रीचा शर्ट, हातात पुस्तिका. आधीच बजावून टाकलं की उद्यापासून ते महिनाभर दुसऱ्या तालुक्यात आहेत, त्यामुळे जे व्हायचं ते आज. सगळी सोसायटी पंपघरापाशी जमली होती.

"पाचचा दोन," साहेब म्हणाले.

मामांनी थोरला उघडला आणि लगेच धाकटा. साहेबांनी पुस्तिकेत बघितलं, खड्ड्यात बघितलं, आणि खूण केली.

"सातचा सहा."

मामांनी तीन वेढे दिले. तेजश्रीवहिनी चौथ्या मजल्याच्या गॅलरीत नळाला कान लावून होत्या. "उसासा आला," त्यांनी वरून कळवलं. थोड्या वेळाने, "करंगळीएवढं आलं." साहेबांनी लिहून घेतलं, 'दाब अपुरा, दुसऱ्या जोडणीची गरज दिसते.'

"नऊचा पाच."

गर्दीतून एकच सुस्कारा निघाला. टाकी कालच भरली होती. मामांनी हात जोडले. "सायेब, करून दावतो. पन मंग आज कुनाला पानी नाय. गेल्या रयवारी केलेला हाय, ह्ये सगळे साक्षीला हायत."

सगळ्यांनी मान हलवली. इतकी एकजूट शीतलसरितेत पूर्वी दिसली नव्हती. साहेबांनी पायऱ्या तोंडी म्हणून घेतल्या.

"बरं. सातचा चार."

मामा हात मागे बांधून उभे राहिले.

"करा."

"क्येला."

"काय केलंत?"

"काय नाय करायचं, त्योच सातचा चार."

साहेबांनी पान काढून वाचलं, आणि त्यांच्या ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी हललं. पंपचालकाच्या रकान्यात त्यांनी 'उत्तम' लिहिलं. मग ते ऑफिसात टेकले, आणि हर्षलाच्या लॅपटॉपवर फाइल उघडी होती ती बघू लागले. त्यांनी एका आकड्यावर क्लिक केलं. मग दुसऱ्यावर.

"हे सगळे आकडे तुम्ही हाताने टाइप केलेत?"

हर्षलाचे कान तापले. "हो सर."

"अहो, चौऱ्याण्णव पानं. हे आपोआप येतात, माहीत नाही का तुम्हाला?" त्यांनी खुर्ची ओढून घेतली. माणूस मनाने चांगला होता, हीच अडचण होती. "बघा, याला आराखडा म्हणतात. ही प्रकरणाची स्टाइल, ही कलमाची. मध्ये काही घातलं की खालचं सगळं आपलं आपण सरकतं. बघा, कसं सरकलं."

"हो का," हर्षला म्हणाली.

विकासकाका बोलायला पुढे झाले. नाजनीनभाभींनी त्यांच्या पायावर पाय ठेवला. हर्षलाने खरं सांगितलं असतं तर साहेब म्हणाले असते, मग ती नीट प्रत सादर करा, मी महिन्याने येतो. हे भाभींनाही कळलं होतं.

वीस मिनिटं शिकवणी चालली. आणि मग साहेबांचा हात उत्साहाने माउसकडे गेला. "थांबा, मीच करून देतो. एका क्लिकचं काम. सगळी पुस्तिका ओळीने लागेल."

खिडकीबाहेर हिरूमामा उभे होते. हर्षलाने लॅपटॉपची झाकणी हलकेच आपल्याकडे ओढली.

"सर, नको," ती म्हणाली. "तुम्ही करून गेलात तर नंतर मला ते सांभाळता येणार नाही. माझं तेवढं डोकं चालत नाही. मी सावकाश शिकेन."

हे वाक्य बोलायला तिला जेवढी ताकद लागली, तेवढी पूर्ण एम.एस्सी.ला लागली नव्हती. साहेबांनी तिच्याकडे फार मायेने बघितलं आणि अहवालावर सही केली.

अहवाल पुढच्या सभेत विकासकाकांनी मोठ्याने वाचला. पाणीव्यवस्था समाधानकारक. पंपचालकाचे ज्ञान उत्तम. दुसरी जोडणी मंजूर. अट एक: पुस्तिका तयार करणाऱ्या सदस्यास क्रमांकनाचे प्राथमिक प्रशिक्षण देण्यात यावे. ठराव एकमताने मंजूर झाला. अनुमोदक कोण, असं नाजनीनभाभींनी विचारलं आणि खाली बघून वहीत काहीतरी खोडत बसल्या. हर्षलाने हात वर केला.

प्रशिक्षण एप्रिलच्या शेवटी एका शनिवारी कर्जतलाच होतं. पहिल्या रांगेत बसवलेल्या हर्षलाला शिकवणारे सर मथळा म्हणजे काय हे समजावून सांगत होते, तेवढ्यात तिचा फोन वाजला. हिरूमामांचा होता. तिने मान खाली घालून उचलला.

"चौथ्यावर पोचलं गं," मामा म्हणाले. "वयनीच्या नळाला आंगठ्याएवढी धार हाय. ऐक." त्यांनी फोन नळापाशी धरला असावा, कारण मग नुसतं पाणीच ऐकू येऊ लागलं. आधी रिकाम्या बादलीचा आवाज, मग हळूहळू भरत चाललेल्या बादलीचा.

सरांनी दोनदा घसा खाकरला. वर्ग मागे वळून बघू लागला.

"मॅडम, काही महत्त्वाचं आहे का?"

"हो सर," हर्षला म्हणाली. "बादली भरतेय."